तुकडा आधी उलटा करा: खासगी संग्रहातील ग्रीक चित्रित खापरांचा अभ्यास कसा सुरू करावा

ग्रीक चित्रित खापराचा तुकडा पहिल्यांदा समोर आला की नजर चित्राकडेच जाते. तीन बोटं रुंदीचा तुकडा, त्यावर घोट्यापाशी तुटलेलं पाऊल, वस्त्राच्या दोन निऱ्या, भोवती आरशासारखी काळी झिलई. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या केरामेइकोसमध्ये, म्हणजे तिथल्या कुंभारवाड्यात, कुणीतरी ती रेघ एका दमात ओढली आहे. मोह होतोच. तरीही या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की चित्र शेवटी पाहा. आधी तुकडा उलटा करा, त्याच्या तुटलेल्या कडा पाहा, आणि त्याच्याही आधी तो या घरात आला कसा ते विचारा.

मी खापरं रेखाटायला शिकले ती पुण्यात, जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळातल्या, लाल खापरांवर. पुढे युरोपातल्या एका वृद्ध संग्राहकांच्या घरी काही महिने ग्रीक तुकड्यांची यादी करण्याचं काम मिळालं. लाकडी कपाट, त्यात उथळ खण, खणांत कापसावर ठेवलेले तुकडे, काहींच्या पाठीवर फिकट झालेली जुनी शाई. संग्रहालयात काचेआडून पाहिलेल्या अखंड भांड्यांनी जे शिकवलं नव्हतं, ते त्या खणांनी शिकवलं. हा लेख तशा कामाच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी आहे.

हे तुकडे खासगी घरांत गेले कसे, हे थोडं माहीत असावं. अथेन्सची पुष्कळशी उत्तम भांडी इटलीत, रोमनांच्या आधी तिथे नांदलेल्या एत्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सापडली. ते लोक ती हौसेने विकत घेत आणि मृतांसोबत ठेवत. १८२८ पासून नेपोलियनचा भाऊ ल्युसियाँ बोनापार्त याच्या वुल्ची इथल्या जमिनीतून हजारो भांडी निघाली. अखंड भांडी राजघराण्यांकडे आणि संग्रहालयांकडे गेली. तुकडे स्वस्त होते. ते प्राध्यापकांकडे, डॉक्टरांकडे, प्रवाशांकडे गेले. या विषयाचे सर्वांत मोठे जाणकार, ऑक्सफर्डचे जॉन बीझली, स्वतः तुकडे जमवत आणि त्यांनी ते अ‍ॅशमोलियन संग्रहालयाला दिले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात काम केलेले डीट्रिख फॉन बोथमर २००९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या संग्रहात सुमारे १६,००० तुकडे होते.

आधी कागद, मग खापर

‘आजोबांनी इटलीहून आणलं होतं’ हे वाक्य प्रत्येक खासगी संग्रहात ऐकू येतं. ते खरंही असेल. पण ऐकीव गोष्ट वेगळी आणि पुरावा वेगळा. म्हणून पहिल्या दिवशी खापराला हात न लावता कागद मागायचे: खरेदीची पावती, लिलावाच्या सूचीतलं पान, निर्यातीचा परवाना, विम्याची यादी, जुनी पत्रं. भिंतीवर टांगलेल्या कौटुंबिक फोटोत मागच्या कपाटात तो तुकडा दिसत असेल तर तोही पुरावाच. प्रत्येक कागदावरची तारीख टिपून घ्या.

तारखेला एवढं महत्त्व का? सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा. आज संग्रहालयं आणि अभ्यासक साधारणपणे ते वर्ष रेषा मानतात: त्याआधी वस्तू मूळ देशाबाहेर होती हे दाखवता येतं का, हा पहिला प्रश्न. इटलीत मात्र जमिनीखालच्या पुराणवस्तूंबद्दलचे कायदे १९०९ आणि १९३९ पासूनचे आहेत. त्यामुळे १९६५ ची पावती सापडली की सगळं स्वच्छ झालं, असंही समजू नका.

दोन भांड्यांची हकिकत या कामात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवी. पहिलं युफ्रोनिओसने रंगवलेलं क्रेटर, म्हणजे वाइन आणि पाणी मिसळण्याचं मोठं भांडं. त्यावर ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या सार्पेडोन या वीराला उचलून नेणारे निद्रा आणि मृत्यू आहेत. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते १९७२ मध्ये १० लाख डॉलरला घेतलं. ते चेर्वेतेरीजवळच्या थडग्यातून चोरून काढलेलं होतं आणि अखेर २००८ मध्ये इटलीला परत गेलं. दुसरं ओनेसिमोसने रंगवलेलं भव्य किलिक्स, म्हणजे उथळ, दोन कानांचा पेला, आत ट्रॉयच्या पाडावाची चित्रं. कॅलिफोर्नियाच्या गेटी संग्रहालयाकडे त्याचा मोठा भाग १९८३ मध्ये आला आणि पुढच्या दोन वर्षांत आणखी तुकडे येत राहिले. १९९९ मध्ये तेही परत गेलं. तुकड्यांच्या अभ्यासकाने या दुसऱ्या हकिकतीवर जास्त थांबावं. फुटलेलं भांडं लपवून नेणं सोपं, आणि ते थोडं थोडं विकणंही सोपं. एकाच भांड्याचे तुकडे निरनिराळ्या वर्षी, पण एकाच वाटेने येत असतील, तर उरलेलं भांडं कुणाच्या तरी हातात आहे आणि तो माणूस ते पुरवून पुरवून विकतो आहे, अशी शंका घ्यायलाच हवी.

१९९५ मध्ये जिनिव्हाच्या करमुक्त गोदामावर छापा पडला, तेव्हा जाकोमो मेदिची या व्यापाऱ्याकडे हजारो फोटो सापडले. त्यांत पुष्कळ पोलरॉइड होते. माती चिकटलेली, अजून न जोडलेली भांडी त्यांत दिसत होती. त्या फोटोंवरून आजही संग्रहांतल्या वस्तू ओळखल्या जातात. नवख्या माणसाच्या हाती ते फोटो नसतात, पण इंटरपोलचं आयडी-आर्ट हे मोफत अ‍ॅप आहे. त्यात चोरीची नोंद झालेल्या वस्तू शोधता येतात. प्रत्येक तुकडा तिथे पाहा. मात्र चोरट्या खणलेल्या वस्तूची नोंद बहुधा कुठेच नसते, कारण ती जमिनीत होती हेच कुणाला माहीत नव्हतं. म्हणून यादीत नाव नसणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे.

काम सुरू करण्यापूर्वी मालकांशी बोलून दोन गोष्टी लेखी ठरवा. जे आढळेल ते नोंदीत तसंच उतरेल. आणि किंमत सांगायची नाही, कधीच नाही. चित्रकाराचं नाव जोडलं की तुकड्याचा भाव चढतो, हे विसरून चालत नाही. संशय वाटला तर चित्रकार ओळखण्याच्या वाटेला जाऊ नका. मालकांना स्पष्ट सांगा आणि वकिलाचा किंवा मूळ देशाच्या सांस्कृतिक खात्याचा सल्ला घ्यायला सुचवा. हे बोलणं अवघड जातं, विशेषतः समोरचं माणूस प्रेमाने कॉफी पाजत असेल तेव्हा. पण न्यूयॉर्कच्या मायकल स्टाइनहार्ट या संग्राहकाला डिसेंबर २०२१ मध्ये ७ कोटी डॉलर किमतीच्या १८० पुराणवस्तू सोडून द्याव्या लागल्या आणि पुन्हा कधीही पुराणवस्तू न घेण्याचं बंधन आलं. वेळेवर बोललेलं मालकांच्याही भल्याचंच असतं. छापण्याचा विचार असेल तर हेही ध्यानात घ्या: अमेरिकन जर्नल ऑफ आर्किऑलॉजी हे नियतकालिक १९७३ च्या अखेरीनंतर संग्रहात आलेल्या, आधीचा पुरावा नसलेल्या वस्तूची पहिली ओळख छापत नाही.

आणि शिकण्यासाठी म्हणून ऑनलाइन तुकडा विकत घेऊ नका. सरावाला घरचा फुटका माठ उत्तम. त्याचा काठ, गळा, खांदा, पोट, बूड असे तुकडे वेगळे ओळखता आले की ग्रीक खापर परकं वाटत नाही.

टेबलावर बसताना

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. हात धुऊन कोरडे करा. सुती हातमोजे नकोत, झिलई त्यांतून निसटते. टेबलावर मऊ फोम, एका वेळी एकच तुकडा. खण उघडल्यावर काहीही उचलण्यापूर्वी पूर्ण खणाचा वरून एक फोटो घ्या. तुकडे कसे लावून ठेवले आहेत हीसुद्धा माहिती असते. जुन्या मालकाने एकत्र ठेवलेले तीन तुकडे एकाच ठिकाणाहून आलेले असू शकतात.

पाठीवरची चिठ्ठी, लाल शाईतला आकडा, पेन्सिलीने लिहिलेली किंमत यांना धक्का लावायचा नाही. तुकड्याचा इतिहास सांगणारा कधीकधी तेवढाच एक धागा उरलेला असतो. धुणंही नको. पांढरट चुन्याचा थर दिसला की व्हिनेगर आठवतं, पण आम्लाने खापराच्या अंगातलं चुनखडीही खाल्लं जातं, आणि वरून लावलेला पांढरा व जांभळट रंग इतका नाजूक असतो की ओल्या बोळ्यानेही जातो. साफसफाई हे संवर्धकाचं काम. दोन तुकडे जुळतात का हे पाहायला कडेवर कड दाबून घासू नका. घासलेली कड पुन्हा नीट बसत नाही.

आता उलटा करा

इथे घाई करू नका. माझ्या मते निम्मा अभ्यास तुकड्याच्या आतल्या बाजूवर होतो.

पहिला प्रश्न: आत काळी झिलई आहे का? असेल तर भांडं बहुधा उघड्या तोंडाचं, म्हणजे किलिक्स, स्किफॉस हा खोलगट पेला, क्रेटर. आत नुसती माती आणि बोटांच्या आडव्या खुणा असतील तर बंद भांडं, म्हणजे साठवणीचं दोन कानांचं अँफोरा, पाण्याचं हायड्रिया, तेलाचं लेकिथॉस. कुंभाराने जिथे डोळा पोहोचतो तिथेच झिलई दिली आहे. म्हणूनच अँफोराच्या गळ्याच्या तुकड्यावर आत झिलई थोडी खाली उतरते आणि मग थांबते. ती सीमारेषा सापडली तर तुकडा कुठला हे जवळजवळ ठरतं.

दुसरा प्रश्न: तुकडा उभा कसा धरायचा? चाकावर भांडं घडताना आत उमटलेल्या बारीक रेघा आडव्या असतात. उजेड बाजूने, अगदी तिरका पाडा, रेघा दिसतील. तुकडा असा फिरवा की त्या जमिनीला समांतर होतील. काठाचा तुकडा असेल तर काम सोपं: काठ सपाट टेबलावर पालथा ठेवा आणि पुढे-मागे झुकवत राहा. काठ आणि टेबल यांच्यामधून उजेड यायचा थांबला की भिंतीचा खरा कल मिळाला.

सुरुवातीला ज्या पावलाचं वर्णन केलं, ते मी संग्राहकांच्या घरी पहिल्या आठवड्यात रेखाटलेलं आहे. पाऊल जमिनीवर टेकलेलं धरलं, वर निऱ्या, उभी स्त्री असावी असं टिपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आतल्या रेघा पाहिल्या तर त्या पावलाला जवळजवळ काटकोनात होत्या. तुकडा फिरवल्यावर टाच हवेत आली, आणि ते पाऊल कुणा कोसळणाऱ्या माणसाचं आहे हे कळलं. निऱ्या आखूड अंगरख्याच्या होत्या. अख्खं चित्र बदललं, ते आतल्या दोन रेघांनी. तेव्हापासून तुकड्याचा उभा-आडवा ठरल्याशिवाय चित्राबद्दल एक शब्दही लिहायचा नाही, हा नियम मी पाळते.

तिसरी गोष्ट कडा. जुनी तूट बोथट असते, तिच्यात माती किंवा चुना बसलेला असतो, रंग पृष्ठभागासारखाच मळलेला. ताजी तूट धारदार, स्वच्छ, आतली माती उजळ. एखाद्या तुकड्याच्या चारही कडा ताज्या असतील तर भांडं अलीकडे फुटलं किंवा फोडलं गेलं. कागद पुन्हा उघडून बघा. कडेवर तपकिरी चकाकी दिसली तर ती जुन्या जोडणीची लाख असू शकते. अतिनील दिव्याखाली लाख नारिंगी चमकते आणि मागाहून रंगवलेले भाग मूळ झिलईपेक्षा वेगळे उठून दिसतात. हा दिवा फार महाग नाही, डोळ्यांना संरक्षक चष्मा मात्र हवा.

कडेजवळ गोल भोक दिसलं तर आनंदाने थांबा. फुटलेलं भांडं प्राचीन काळीच भोकं पाडून, शिशाच्या किंवा काशाच्या पट्टीने सांधल्याची ती खूण असू शकते. तांब्यापितळेच्या भांड्याला डाग देऊन ते वापरात ठेवावं, तसं कुणीतरी हे भांडं जपलं होतं. आणि बुडाचा तुकडा असेल तर तळाशी खरवडलेली अक्षरं शोधा. व्यापाऱ्यांच्या खुणा तिथेच असतात.

माती आणि झिलई

अथेन्सची माती लोहयुक्त, अगदी बारीक, भाजल्यावर नारिंगी-तांबूस. कोरिंथची फिकट पिवळसर, कधी हिरवट झाक असलेली. दक्षिण इटलीतल्या अपुलियाची अथेन्सपेक्षा बहुधा फिकी. रंग डोळ्याने ‘लालसर’ असा न लिहिता क्रमांक दिलेल्या रंगनमुन्यांच्या मन्सेल रंगपट्टीशी ताडून, दिवसाच्या उजेडात, जुन्या तुटीवर पाहून लिहा. त्यासाठी नवी तूट पाडायची नाही, हे सांगायची गरज नसावी.

ती काळी झिलई म्हणजे रंग नव्हे, तीही मातीच. त्याच मातीचा अतिशय बारीक गाळ पातळ करून लावत. भट्टीत आधी हवा खेळती ठेवली की सगळं तांबडं. मग ओली लाकडं घालून, झरोके बंद करून उष्णता ९०० अंशांच्या पुढे नेली की लोहातला प्राणवायू ओढला जाऊन सगळं काळं, आणि बारीक गाळाचा थर काचेसारखा मिटतो. शेवटी झरोके उघडले की सच्छिद्र माती पुन्हा तांबडी होते. मिटलेल्या थरात हवा शिरत नाही, तो काळाच राहतो. एकाच भाजणीत तीन टप्पे. हे गूढ आधुनिक काळात जर्मन रसायनतज्ज्ञ थिओडोर शूमान यांनी १९४२ मध्ये प्रयोगाने उलगडून दाखवलं. हे समजलं की तुकड्यावरचे ‘दोष’ बोलू लागतात: काळ्यात मध्येच तांबडा डाग म्हणजे तिथे थर पातळ होता किंवा भट्टीतली हवा चुकली, पेल्याच्या आत फिकं वर्तुळ म्हणजे भट्टीत त्यावर दुसरं भांडं रचलेलं होतं. असे डाग नक्कल करणारा सहसा मुद्दाम करत नाही, म्हणून ते जपून टिपा.

मग तंत्र. आकृती काळी आणि आतले तपशील कोरलेले असतील तर कृष्णाकृती शैली. ती कोरिंथमध्ये जन्मली आणि इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस अथेन्सने आपलीशी केली. आकृती मातीच्या रंगाची आणि पार्श्वभूमी काळी असेल तर रक्ताकृती, अथेन्समध्ये इ.स.पू. ५२५ च्या सुमारास सुरू झालेली. रक्ताकृती तुकड्यावर तिरका उजेड टाकून तीन गोष्टी पाहा. उठावाची रेघ: बोटाला जाणवेल अशी वर आलेली काळी रेघ, पण बोट लावू नका, सावली पाहा. पातळ केलेल्या गाळाच्या तपकिरी रेघा: स्नायू, केस यांसाठी. आणि कच्च्या मातीत बोथट टोकाने ओढलेलं पहिलं रेखाटन. हे शेवटचं मला सगळ्यांत प्रिय आहे. चित्रकाराने हात आधी वर दाखवला होता, मग विचार बदलून खाली घेतला. ती बदललेली इच्छा मातीत तशीच राहिली आहे.

मोजणं, रेखाटणं, फोटो

लांबी, रुंदी, भिंतीची जाडी किमान दोन ठिकाणी. जाडी मोजायला प्लॅस्टिकचा कॅलिपर घ्या, धातूचा झिलईवर ओरखडा पाडतो. धातूच्या दातांची आकार घेणारी फणीही त्याच कारणाने नको. काठाचा व्यास एककेंद्री वर्तुळांच्या कागदावर काठ बसवून काढतात. कागद घरीच बनवता येतो: कंपासने एकेक सेंटिमीटरने वाढत जाणारी वर्तुळं, आणि पूर्ण वर्तुळाचा किती टक्के भाग उरला आहे हे कळण्यासाठी त्रिज्या. काठाचा अगदी छोटा भाग उरला असेल तर व्यास ‘अंदाजे’ असंच लिहा. पोटाच्या तुकड्यावरून व्यास सांगण्याचा अट्टहास नको.

रेखाटन नेहमी मूळ मापात. मधली उभी रेघ, एका बाजूला भिंतीचा छेद काळा भरलेला, दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप. छेद डावीकडे की उजवीकडे हे देशागणिक बदलतं. एक पद्धत निवडा आणि पूर्ण संग्रहासाठी तीच ठेवा. इनामगाव किंवा नेवाशाच्या खापरांवर ज्यांचा हात बसला आहे त्यांना इथे नवं काही शिकावं लागत नाही.

फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी हवीच. बाहेरून, आतून, प्रत्येक कडेचा, शिवाय तिरक्या उजेडातला एक. झिलईवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, म्हणून फ्लॅश बंद, दोन बाजूंनी पांढऱ्या कापडातून गाळलेला उजेड.

चित्र आणि चित्रकार

आता चित्राकडे या. आधी दिसतं ते लिहा, ओळख नंतर. ‘हेराक्लीस’ (सिंहाचं कातडं पांघरणारा ग्रीक वीर) लिहिण्यापूर्वी ‘सिंहाच्या कातड्याचा पंजा, डावीकडे’ असं लिहा. अक्षरं असतील तर ती जशी आहेत तशी, दिशेसह उतरवा. उजवीकडून डावीकडेही लिहीत. ‘कालोस’ म्हणजे ‘देखणा’, एखाद्या तरुणाच्या नावापुढे येतो, आणि लेआग्रोससारखं नाव असेल तर काळ ठरवायला मदत होते: इ.स.पू. सहाव्या शतकाची शेवटची काही वर्षं. ‘एग्राप्सेन’ म्हणजे रंगवलं, ‘एपोइएसेन’ म्हणजे घडवलं.

बहुतेक चित्रकारांनी सही केलेली नाही. बीझलींनी कान, घोटा, बोटं, वस्त्राच्या घड्या काढण्याच्या सवयींवरून हात ओळखले आणि हजारो भांडी शेकडो चित्रकारांमध्ये वाटली. नावं त्यांनी सोयीने दिली: बर्लिनच्या एका अँफोरावरून ‘बर्लिन चित्रकार’, डुकरांच्या चित्रावरून ‘पिग चित्रकार’, कोपरं बाहेर काढून नाचणाऱ्या आकृत्यांवरून ‘एल्बोज आउट’. नवशिक्याने हे कौशल्य वाचावं, त्यासाठी फोटोंवर फोटो पाहावेत, पण पहिली दोन वर्षं स्वतः नाव जोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन सेंटिमीटरच्या घोट्यावरून ‘ब्रिगोस चित्रकार’ लिहिणं मोहक असतं, आणि एकदा लिहिलं की ते विक्रीच्या कागदावर जाऊन बसतं. ‘अथेन्स, रक्ताकृती, किलिक्स, इ.स.पू. ४९० ते ४८०’ एवढं सांगता आलं तरी काम चोख झालं.

भावंडं शोधताना

तुकड्याचं खरं घर म्हणजे त्याचं भांडं, आणि ते भांडं अनेक देशांत विखुरलेलं असू शकतं. याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण कांपाना संग्रहाचं. रोमचे मार्क्विस जांपिएत्रो कांपाना यांनी प्रचंड संग्रह जमवला. सरकारी पतपेढीच्या पैशांच्या अफरातफरीवरून १८५७ मध्ये त्यांना अटक झाली आणि संग्रह विकला गेला. १८६१ मध्ये त्याचा मोठा भाग लूव्हरला, काही भाग रशियाला गेला. तुकड्यांची मात्र वाताहत झाली. काही फ्लॉरेन्समध्ये पोहोचले. बीझलींनी १९३३ मध्ये या फ्लॉरेन्सच्या तुकड्यांवर लिहिलं आणि त्यांतले अनेक इतर शहरांतल्या भांड्यांना जोडून दाखवले. बोथमर यांच्या संग्रहातूनही सुमारे ४० तुकडे २०१२ मध्ये इटलीला गेले, कारण ते ज्या भांड्यांचे होते ती इटलीत होती.

तुम्हाला आज बीझलींसारखी स्मृती नसली तरी साधनं आहेत. ऑक्सफर्डच्या बीझली आर्काइव्हचा भांड्यांचा माहितीकोश ऑनलाइन आणि मोफत आहे, लाखाहून अधिक नोंदी. भांड्याचा प्रकार, तंत्र, चित्रविषय, ‘तुकडा’ असे निकष लावून शोधा. १९२२ पासून निघत असलेल्या कॉर्पस व्हासोरुम अँटिक्वोरुम या, निरनिराळ्या संग्रहांतल्या प्राचीन भांड्यांची ओळख देणाऱ्या ग्रंथमालेचे अनेक जुने खंडही तिथेच पाहता येतात. तुकडा दक्षिण इटलीचा वाटला तर आर्थर डेल ट्रेंडल यांनी लावलेल्या वर्गवारीकडे वळा. शोधताना चित्रापेक्षा कडेच्या नक्षीचा पट्टा जास्त उपयोगी पडतो. योद्धे सगळीकडे आहेत, पण तीन वळणांनंतर एक चौकट अशी ठरावीक नक्षी कमी ठिकाणी.

जुळणी सांगताना शब्द मोजून वापरा. ‘कड कडेला बसते’ हे एक, ‘त्याच भांड्याचा, पण मधला भाग हरवलेला’ हे दुसरं, ‘त्याच हाताचा असावा’ हे तिसरं. दुसऱ्या प्रकारासाठी जाडी, आतल्या रेघांमधलं अंतर, मातीचा रंग आणि झिलईची झाक, चारही गोष्टी जुळाव्या लागतात. आणि जुळणी सापडली तर ती मनात ठेवू नका. फ्लॉरेन्सचं प्रसिद्ध फ्रांस्वा क्रेटर १९०० मध्ये एका रखवालदाराच्या रागाने ६३८ तुकडे होऊन फुटलं. त्या गोंधळात एक तुकडा कुणीतरी खिशात घातला. तो १९०४ मध्ये परत आला, पण भांडं तोवर जोडून झालं होतं. आपल्या जागी बसायला त्याला १९७३ च्या नव्या जोडणीपर्यंत थांबावं लागलं.

नोंद

प्रत्येक तुकड्याला एक पान. माझ्या पानाचा क्रम असा: क्रमांक आणि खण, कागदपत्रं व त्यांच्या तारखा, माप, कोणत्या भांड्याचा कोणता भाग, आतली बाजू, कडा, प्रत्येक जुनी की नवी, माती, झिलई, तंत्र, दिसतं ते, अर्थ, काळ, जुळणारे किंवा मिळतेजुळते तुकडे, शंका. ‘शंका’ हा रकाना रिकामा राहिला तर मी पान पुन्हा वाचते. कागदपत्रांचा रकाना रिकामा असेल तर तिथे ‘नाहीत’ असं शाईने लिहिते, म्हणजे पुढे कुणी तो सोयीने भरणार नाही.

एक प्रत मालकांकडे, एक तुमच्याकडे, आणि मालकांची संमती असेल तर तिसरी एखाद्या विद्यापीठाच्या संग्रहात. घरं विकली जातात, वारस वाटण्या करतात, कपाट एका गावाला आणि वही दुसऱ्या गावाला जाते.

खापरावर नवा क्रमांक लिहू नका. तुकडा परत ठेवताना त्याच्याखाली आम्लरहित कागदाची चिठ्ठी ठेवा, क्रमांक पेन्सिलीने, आणि वरची बाजू कोणती ते दाखवणारा एक छोटा बाण. माझ्या त्या पावलाच्या चिठ्ठीवरचा बाण टाचेकडे आहे.